लुटफिस्क: चर्चच्या तळघरातली जेवणावळ

अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन भागात ऑक्टोबर उजाडला की लुथरन चर्चांमध्ये 'लुटफिस्क सपर' सुरू होतात. हा चर्चसाठी निधी उभारायचा वार्षिक कार्यक्रम. १९व्या शतकात आलेल्या नॉर्वेजियन स्थलांतरितांचे वंशज तो आजही हौसेने करतात.

मुख्य पदार्थ, म्हणजे लुटफिस्क, मात्र भन्नाट! नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा लाकडी मांडवांवर मीठ न लावता वाळवतात, आपल्या वेसाव्याला बोंबील वाळत घालतात तसाच. हा कडक मासा आधी काही दिवस साध्या पाण्यात भिजवायचा, मग क्षाराच्या पाण्यात. पूर्वी त्यासाठी लाकडाची राख वापरत, आता कॉस्टिक सोडा. हो, तोच! क्षार पूर्ण निघेपर्यंत पुन्हा कित्येक दिवस पाणी बदलत राहायचं. शेवटी मासा जेलीसारखा थुलथुलीत होतो. वासाबद्दल न बोललेलं बरं.

नॉर्वेजियन घराण्यातले त्यावर वितळलेलं लोणी ओततात, स्वीडिश घराण्यातले पांढरा सॉस. खरे कोण, यात मी पडणार नाही! सोबत उकडलेले बटाटे आणि लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. मासा नको असणाऱ्यांसाठी बहुतेक ठिकाणी मीटबॉल्स असतात.

गर्दी मोठी असली की तिकिटावरचा नंबर पुकारेपर्यंत वर चर्चच्या बाकांवर बसायचं आणि मग खाली तळघरात पंगतीला जायचं. रांधणारे-वाढणारे सगळे चर्चचेच स्वयंसेवक.

आणि हो, चांदीचे काटे-चमचे वापरू नका. लुटफिस्कने चांदी काळी पडते.