छापील चित्रापासून डिजिटल कार्डापर्यंत : दुर्मिळतेचे बदलते स्वरूप

प्रस्तावना

नाणी, पोस्टाची तिकिटे, काड्यापेटीवरील चित्रे, क्रिकेटपटूंची कार्डे इत्यादी वस्तूंचा संग्रह करण्याचा छंद मुंबईत जुना आहे. संग्राह्य वस्तूचे मूल्य बव्हंशी तिच्या दुर्मिळतेवर ठरते, हा या छंदातील सर्वमान्य नियम होय. गेल्या काही वर्षांत हा छंद मोबाईल फोनच्या पडद्यावर आला असून ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून जाहीर केलेली डिजिटल कार्डे पैसे देऊन विकत घेतली जातात. कागदावरील दुर्मिळता आणि पडद्यावरील दुर्मिळता या एकाच स्वरूपाच्या आहेत काय, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

झिजेतून येणारी दुर्मिळता

राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत गिरगाव येथे शिळाछापखाना सुरू केला. जर्मनीहून यंत्रे व तंत्रज्ञ आणून तेथे देवदेवतांची व पौराणिक प्रसंगांची रंगीत चित्रे छापली जाऊ लागली. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरली जात असे आणि मागणी असेल तोपर्यंत त्याच शिळांवरून पुन्हा पुन्हा छपाई करता येत असे. अमुक चित्राच्या इतक्याच प्रती निघतील, असे आश्वासन ग्राहकाला कोणी दिलेले नव्हते. राजवाड्यात अडकलेली चित्रकला सामान्यांच्या घरात पोहोचावी, हाच या उद्योगाचा हेतू होता. म्हणजेच ही चित्रे जन्मतः विपुल होती.

ती दुर्मीळ झाली काळाच्या ओघात. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींतील भिंतींवर टांगलेल्या चित्रांना दमट हवा, धूर, वाळवी आणि कसर यांनी ग्रासले. घरे बदलताना, चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहताना जुन्या तसबिरी टाकून दिल्या गेल्या. छापखाना 1899 मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला होता व पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला होता. 1972 मधील आगीत तेथील बराच ठेवा नष्ट झाला. परिणामी उरलेल्या प्रतींचे मोल वाढले. छापखाना संपला तरी चित्र संपले नाही, ही बाब येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

पोस्टाच्या तिकिटांतील एक उदाहरण थोडे वेगळे आहे. 15 ऑगस्ट 1948 रोजी महात्मा गांधींच्या स्मरणार्थ निघालेल्या मालिकेतील तिकिटांच्या केवळ 100 संचांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाच्या वापरासाठी ‘सर्व्हिस’ हा शब्द छापण्यात आला. त्यांपैकी 10 रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी 2017 मध्ये 5 लाख पौंडांना विकली गेली. येथे संख्या आरंभीच अल्प होती. परंतु ती कार्यालयीन गरजेतून ठरली होती, विक्री वाढविण्यासाठी नव्हे.

घोषणेतून येणारी दुर्मिळता

डिजिटल चित्राची प्रत काढण्यास खर्च येत नाही आणि मूळ व प्रत यांत फरक उरत नाही. त्याला कसर लागत नाही, त्याचा रंग उडत नाही. त्यामुळे झिजेतून येणारी दुर्मिळता येथे संभवतच नाही. ती मुद्दाम निर्माण करावी लागते. यासाठी ‘ब्लॉकचेन’ या सामायिक नोंदवहीचा उपयोग होतो. तीत प्रत्येक कार्डाला अनुक्रमांक मिळतो आणि ते कोणाच्या नावे आहे याची नोंद राहते. अशा नोंदीस ‘एनएफटी’ म्हणतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या ‘एनबीए टॉप शॉट’ या अमेरिकी बास्केटबॉल संग्रहात सामान्य, दुर्मीळ व अतिदुर्मीळ अशा श्रेणी ठरविण्यात आल्या आणि बंद पाकिटे ठरावीक वेळी विक्रीस काढण्यात आली. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यातील लेब्रॉन जेम्सच्या एका चित्रफितीस सुमारे 2 लाख 8 हजार डॉलर मिळाले.

भारतात क्रिकेटच्या बाबतीत ‘रारिओ’ने हा मार्ग धरला. एप्रिल 2022 मध्ये मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्सच्या गुंतवणूक शाखेच्या पुढाकाराने तीत 12 कोटी डॉलरची गुंतवणूक झाली.

घोषित दुर्मिळतेच्या मर्यादा

पहिली मर्यादा अशी की, नोंदवही केवळ एका मालिकेतील संख्या सांगते. त्याच खेळाडूची नवी मालिका पुढील वर्षी काढण्यास प्रकाशकाला सहसा आडकाठी नसते.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे. ‘स्ट्रायकर’ या प्रतिस्पर्धी सेवेने क्रिकेटपटूंची रेखाचित्रे असलेली कार्डे विक्रीस काढली, तेव्हा रारिओ चालविणारी कंपनी व काही क्रिकेटपटू दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 26 एप्रिल 2023 रोजी न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूंविषयीची सार्वजनिक माहिती वापरण्यावर व एनएफटी तंत्रावर कोणा एकाची मक्तेदारी सांगता येत नाही, असे मत न्यायालयाने नोंदविले. याचा अर्थ, एका प्रकाशकाकडील दुर्मीळ कार्ड त्या प्रकाशकापुरतेच दुर्मीळ असते.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. ‘एफ-1 डेल्टा टाइम’ या मोटारशर्यतीच्या खेळातील एकमेव असे आभासी वाहन मे 2019 मध्ये 1 लाख डॉलरहून अधिक किमतीस विकले गेले. मार्च 2022 मध्ये खेळाचा परवाना संपला आणि खेळ बंद झाला. धारकांना दुसऱ्या खेळातील पर्यायी वस्तू देण्यात आल्या. मात्र ज्यासाठी ते वाहन घेतले होते तो उपयोग संपुष्टात आला. जगात एकच प्रत असूनही तिचे रक्षण झाले नाही.

यात भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने कराचाही विचार करावा लागतो. 1 एप्रिल 2022 पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर 30 टक्के दराने कर आकारला जातो आणि तोटा झाल्यास तो अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कागदावरील दुर्मिळता ही घडून गेलेली गोष्ट असते, तर डिजिटल दुर्मिळता हे पुढे पाळावयाचे वचन असते. कागदाच्या बाबतीत प्रकाशकाचा अंत झाल्यास वस्तूचे मोल वाढू शकते. डिजिटल कार्डाच्या बाबतीत प्रकाशकाचा अंत हा बहुधा वस्तूच्या उपयोगाचाही अंत ठरतो. म्हणून ‘किती प्रती आहेत’ या प्रश्नाबरोबरच नवी मालिका काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे, चित्र प्रत्यक्षात कोठे साठविले आहे आणि परवाना केव्हा संपतो, हे तीन प्रश्न संग्राहकाने खरेदीपूर्वी विचारणे आवश्यक आहे. विशेषतः खिशात मोजके पैसे असलेल्या तरुण संग्राहकांना ही जाणीव करून देणे हे शिक्षकांचे व पालकांचेही कर्तव्य ठरते.