मोठं म्हणजे अनंत नव्हे
(गणिताच्या वाटेवर : लेखांक ७)

रेणापूरच्या मोंढ्यात हंगामात सोयाबीनची रास पडते. तिच्यात दाणे किती असतील? शंभर दाण्यांचं वजन वाणाप्रमाणे साधारण १० ते १२ ग्रॅम भरतं. म्हणजे क्विंटलला आठ-दहा लाख दाणे आणि दहा टनांच्या ट्रकमध्ये आठ-दहा कोटी. सगळ्या मराठवाड्याचं सोयाबीन एका जागी ओतलं, तरी ती मोजणी कुठेतरी संपणारच. मोजणाऱ्याचं आयुष्य पुरणार नाही, ही गोष्ट वेगळी. गणिताच्या दृष्टीने ती रास सांतच.

हा भेद समजून घ्यायला आपल्याच भागाचा इतिहास मदतीला येतो. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवत आणि ते लट्टलूर म्हणजे इथून विसेक किलोमीटरवरचं लातूर, असं अभ्यासक मानतात. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात एक, दश, शत अशी सुरुवात करून संख्येच्या २४ स्थानांना नावं दिली आहेत. शेवटचं स्थान महाक्षोभ, म्हणजे एकावर २३ शून्यं! पण महाक्षोभातही एक मिळवता येतो. तो प्रचंड आहे, अनंत नाही.

महावीराचार्य जैन होते आणि जैन विचारवंतांनी या प्रश्नावर फार खोल विचार केला होता. त्यांनी संख्यांचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन वर्ग केले. द्वीपाएवढे प्रचंड खड्डे मोहरीच्या दाण्यांनी भरण्याची कल्पना करून संख्यात कुठे संपतं हे त्यांनी सांगितलं. मोजता न येणं आणि अंत नसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखलं होतं. मला ही समज त्या काळाच्या मानाने थक्क करणारी वाटते.

मग अनंताची खूण कोणती? गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात एक अडचण मांडली. १, २, ३, ४ या प्रत्येक संख्येला तिचा वर्ग जोडा : १ला १, २ला ४, ३ला ९, ४ला १६. एकही संख्या जोडीदाराविना राहत नाही, एकही वर्ग उरत नाही. म्हणजे वर्ग जितके, तितक्याच संख्या. पण २, ३, ५, ६ हे तर वर्ग नाहीत! भाग आणि पूर्ण सारखे निघाले. गॅलिलिओने निष्कर्ष काढला की अनंताच्या बाबतीत कमी, जास्त, समान हे शब्द लावूच नयेत. अडीचशे वर्षांनी, १८८८ साली, जर्मन गणिती डेडेकिंड यांनी नेमकी हीच अडचण व्याख्या म्हणून स्वीकारली. ज्या समूहाची त्याच्याच एखाद्या अपुऱ्या भागाशी एकास एक जोडी लागते, तो अनंत. सोयाबीनच्या राशीतून एक दाणा काढा. उरलेले दाणे आणि मूळची रास यांची जोडी कधीच लागणार नाही. म्हणून ती सांत.

या व्याख्येत आकाराचा उल्लेखच नाही, हे ध्यानात घ्या. अनंत मोठ्या जागेतच सापडतो असं नाही. ० आणि १ यांच्यामधल्या इवल्याशा अंतरात १/२, १/३, १/४, १/५ अशा कधीही न संपणाऱ्या संख्या बसतात. मर्यादा आहे, शेवट नाही.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि तिच्यात काही मिळवलं वा वजा केलं तरी ती बदलत नाही, असं सांगितलं. आजचं अंकगणित शून्याने भागण्याला परवानगी देत नाही. पण भर घालून न वाढणं आणि काढून न घटणं हा अनंताचा गुण त्यांनी अचूक हेरला होता.

पुढच्या आठवड्यात कँटर यांच्याकडे वळू. सगळे अनंत सारखे नसतात, हे त्यांनी सिद्ध केलं. तोवर एक काम करा, विद्यार्थ्यांनी तर नक्कीच. सगळे धन अपूर्णांक १, २, ३ या संख्यांशी एकास एक जोडता येतील का, ते वहीत मांडून पाहा. लहानापासून मोठ्याकडे रांग लावायला जाल तर अडकाल, कारण सर्वांत लहान धन अपूर्णांक असा नसतोच. अंश आणि छेद यांची बेरीज करून बघा.