छऱ्यांची बंदूक : निगा
छऱ्यांच्या बंदुकीचा बार न उडण्याचे कारण पुष्कळदा काडतुसात नसून बंदुकीच्याच यंत्रणेत असते. आघातकीलीभोवती (चाप ओढताच काडतुसाच्या टोपीवर घाव घालणाऱ्या खिळीभोवती) काजळी व जुने, चिकट झालेले तेल साचले की घाव क्षीण पडतो आणि टोपीतील स्फोटक पेटत नाही. म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळीबरोबर हा भागही पुसून कोरडा करतात. भरपूर तेल घालणे हितकारक नव्हे. ते टोपीत झिरपून काडतूस निकामी होऊ शकते. कोकणात पीकसंरक्षणासाठी परवान्याने बाळगलेल्या बंदुकांना पावसाळ्यात बाहेरून तेलाचा पातळ हात पुरतो. ओलावा धरणाऱ्या चामडी खोळीत मात्र त्या गंजतात. बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद बंदूक उघडत नाहीत, कारण तो क्वचित उशिरा उडतो.