पाटी रुग्णालयाची, सही वैद्याची

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरे रेल्वेच्या एकाच मार्गावर असली, तरी त्यांची घडण निरनिराळी आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांसाठी लष्करी छावणीच्या जागेवर १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. आजही तेथील पत्ता कॅम्पच्या क्रमांकाने सांगितला जातो. अंबरनाथ हे प्राचीन शिवमंदिराचे आणि त्याचबरोबर आयुधनिर्माणीचे व औद्योगिक वसाहतीचे गाव. बदलापूरची वाढ सर्वांत अलीकडची. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजारांवर गेली. घडण वेगळी असली, तरी या तिन्ही ठिकाणी वैद्याची ओळख दीर्घकाळ एकच राहिली : बाजारपेठेतील एक गाळा, दारावर वैद्याच्या नावाची पाटी, आत औषधांची कपाटे आणि पिढ्यान्‌पिढ्या येणारी कुटुंबे.

हे चित्र झपाट्याने पालटत आहे. आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुण वैद्यास गाळ्याची अनामत रक्कम आणि भाडे पाहूनच स्वतंत्र व्यवसायाचा विचार पुढे ढकलावा लागतो. तो प्रथम नोकरी धरतो आणि अनेकदा नोकरीतच राहतो. दारावरची पाटी आता संस्थेची असते. केसपेपरवरची सही मात्र वैद्याची असते. वेतन देणारी संस्था आणि समोर बसलेला रुग्ण यांच्या अपेक्षा जेथे भिन्न होतात, तेथे वैद्याने कोणाचे ऐकावे, हा प्रश्न आपल्या व्यवसायापुढील आजचा सर्वांत निकडीचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

संस्था नव्या नाहीत, नाते नवे आहे

आयुर्वेदास संस्था अपरिचित नाहीत. पनवेलचा श्री धूतपापेश्वर कारखाना १८७२ चा, पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ चे, तेथील आयुर्वेद रसशाळा १९३५ ची आणि वरळीचे पोदार महाविद्यालय १९४१ चे. या संस्था शास्त्राच्या जतनासाठी व अध्यापनासाठी उभ्या राहिल्या. तेथे काम केलेल्या अनेक वैद्यांचा स्वतःचा दवाखाना असे आणि संस्थेबाहेरही त्यांची प्रतिष्ठा असे. आता निर्माण झालेले नाते मालक आणि नोकराचे, तेही बहुधा कंत्राटी स्वरूपाचे आहे.

या नोकरीची रूपे अनेक आहेत. पहिले व सर्वांत प्रचलित रूप म्हणजे खासगी रुग्णालयातील निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याचे. रात्रपाळीत रुग्णालय प्रत्यक्षात तोच सांभाळतो. तज्ज्ञ दूरध्वनीवर असतात.

दुसरे रूप शासकीय योजनांचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर त्या वेळी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी रचना ठरली. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी हे त्याचे काम. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांसह सुरू झाली, तेव्हा प्रत्येक वाहनात डॉक्टर असावा असे ठरले आणि ही जबाबदारी मोठ्या प्रमाणावर आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांनी उचलली. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. आयुर्वेद पदवीधर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्या पदावर जातात. त्यांच्या मोबदल्याचा काही भाग कामगिरीच्या निर्देशकांशी जोडलेला असतो.

तिसरे रूप साखळी दवाखान्यांचे व पंचकर्म केंद्रांचे. येथे उपचारांची 'पॅकेजे' आधी ठरतात आणि रुग्ण नंतर येतो. चौथे रूप औषधी कारखान्यातील तांत्रिक अधिकाऱ्याचे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

निष्ठेची दोन केंद्रे

हा प्रश्न केवळ वैद्यांचा नाही. वकील, अभियंते, लेखापाल, प्राध्यापक या सर्वच व्यवसायांचे काम जगभर मोठ्या संस्थांच्या छत्राखाली गेले आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एलियट फ्रीडसन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात काम चालविण्याच्या तीन रीती मांडल्या. एक बाजाराची, जिथे गिऱ्हाईक ठरवते. दुसरी नोकरशाहीची, जिथे व्यवस्थापक ठरवतो. आणि तिसरी व्यावसायिकतेची, जिथे त्या विद्येचे जाणकार ठरवतात. ब्रिटिश अभ्यासक ज्युलिया एव्हेट्स यांनी याच विषयात आणखी एक भेद दाखविला. व्यवसायाने आतून जोपासलेली व्यावसायिकता निराळी आणि संस्थेने वरून घालून दिलेली व्यावसायिकता निराळी. पहिलीत विश्वास, विवेक आणि समव्यावसायिकांचे मत यांना महत्त्व असते. दुसरीत ठरावीक कार्यपद्धती, उद्दिष्टे आणि अहवाल यांना.

संस्थेची शिस्त सर्वस्वी वाईट, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एकट्याच्या दवाखान्यात नोंदी राहत नसत, वैद्य आजारी पडला की दवाखाना बंद, आणि चूक झाली तरी ती दाखविणारा कोणी नसे. रुग्णालयात पाळी बदलताना होणारे हस्तांतरण, तपासण्यांची उपलब्धता, अन्य शास्त्रांतील सहकाऱ्यांचा सहवास, यांतून तरुण वैद्य पुष्कळ शिकतो. बाल तपासणीच्या पथकातील वैद्यास एका वर्षात जितकी बालके पाहावयास मिळतात, तितकी गाळ्यात बसून कित्येक वर्षांतही मिळणार नाहीत. चरकाचार्यांनी सांगितलेल्या वैद्याच्या चार गुणांमध्ये शास्त्रज्ञानाच्या जोडीने प्रत्यक्ष कर्म अनेकवार पाहिलेले असणे हा गुण आहेच. तो संस्थेत सुलभतेने लाभतो. दक्षता आणि शुचिता हे उरलेले दोन गुण मात्र कोणतीही संस्था नेमणूकपत्रासोबत देऊ शकत नाही.

अडचण कोठे येते, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अमुक इतक्या रुग्णांस बस्ती वा शिरोधारा झालीच पाहिजे असे मासिक उद्दिष्ट दिले जाते, तेव्हा रुग्णाचे बल, प्रकृती, ऋतू आणि अग्नी यांचा विचार मागे पडतो. ज्याला आधी दीपन-पाचन हवे, त्याला थेट स्नेहपान दिले जाते. ठरावीक कंपनीचीच औषधे लिहावीत अशी सूचना येते, तेव्हा चिकित्सा यादीची गुलाम होते. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दुसऱ्यांच्या कीर्तीच्या आधारे वैद्य म्हणवून घेणाऱ्यांना 'सिद्धसाधित' असे नाव दिले आहे. नामांकित पाटीखाली बसून स्वतःचा निर्णय सोडून देणाऱ्या वैद्याने हा शब्द अवश्य आठवावा.

कायद्याच्या दृष्टीने जबाबदार कोण?

'मी तर नोकर आहे, वरून आले तसे केले', हे उत्तर कायद्यापुढे तोकडे पडते. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. रुग्णालयावर दायित्व येते म्हणून उपचार करणारा वैद्य सुटत नाही. १९९६ च्या पूनम वर्मा प्रकरणात, एका पद्धतीची नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने अधिकार नसता दुसऱ्या पद्धतीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरविला गेला. भारतीय चिकित्सा पद्धतीच्या वैद्यास आधुनिक औषधे देता येतील की नाही, हे त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहील, असे १९९८ च्या मुख्तियार चंद निकालाने सांगितले. महाराष्ट्राने १९६१ च्या वैद्यकव्यवसायी अधिनियमात २०१४ मध्ये दुरुस्ती करून, घेतलेल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत तशी मुभा दिली. या तरतुदीतील 'प्रशिक्षणाच्या मर्यादेत' हे शब्द रात्रपाळीच्या प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावेत. ही मर्यादा ओलांडण्यास व्यवस्थापकाचा तोंडी आदेश पुरेसा नाही.

वेतनाच्या बाबतीतही आपले स्थान अद्याप स्थिर नाही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांप्रमाणेच आयुष डॉक्टरांनाही सेवानिवृत्तीच्या वाढीव वयाचा लाभ मिळावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात दिला; तर २०२३ मध्ये गुजरातच्या प्रकरणात समान वेतनाची मागणी अमान्य केली. काम वेगळे म्हणून वेतन वेगळे, हे तत्त्व मान्य झाले असेल, तर वेगळ्या कामाची जबाबदारीही नेमणूकपत्रात स्पष्ट लिहिली गेली पाहिजे.

औषधी व्यावसायिकांसाठी

औषधनिर्मिती करणाऱ्या आमच्या सभासदांपुढेही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील निर्मिती परवान्याची अट स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या वैद्यास लागू नाही. औषध कोणी केले आणि कोणास दिले हे तेथे उघड असते, रुग्ण थेट वैद्यासच विचारू शकतो, ही त्यामागची भूमिका आम्ही समजतो. कारखान्यात ती ओळख उरत नाही, म्हणून नियमांनी पूर्णवेळ नोकरीतील पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीचे बंधन घातले आणि २००० मध्ये परिशिष्ट 'टी' द्वारे उत्तम निर्मितीचे निकष आणले.

ती तांत्रिक व्यक्ती जर केवळ कागदोपत्री असेल, महिन्यातून एकदा येऊन साऱ्या नोंदींवर सह्या करीत असेल, तर या रचनेचा पायाच ढासळतो. २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे भारत शासनाने निर्यातीच्या वनौषधी उत्पादनांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून आवश्यक केली. एखादी घाणी नापास करण्याचा अधिकार तांत्रिक अधिकाऱ्यास खरोखर असेल आणि तो वापरल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नसेल, तरच त्याच्या सहीस अर्थ आहे. मालकासही अखेर त्याच सहीचे संरक्षण असते.

किरकोळ विक्रेत्यांनीही वैद्यास दलाली देण्याच्या प्रथेपासून दूर राहावे. जी चिठ्ठी दलालीने मिळते, ती वैद्याची बुद्धी विकत घेऊन मिळालेली असते.

काय करता येईल?

नोकरी स्वीकारणाऱ्या सभासदांनी नेमणूकपत्रात पाच गोष्टी लिहून घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो.

१. कामाची व्याप्ती : कोणती कर्मे स्वतः करावयाची आणि कोणती तज्ज्ञाच्या उपस्थितीतच.

२. चिकित्सेचे स्वातंत्र्य : औषधाची निवड रुग्ण पाहून होईल, विक्रीचे उद्दिष्ट वैद्यास लागू नसेल.

३. नोंदी : प्रत्येक आदेशाखाली वेळ, नाव व नोंदणी क्रमांक, दूरध्वनीवर मिळालेला सल्ला त्याच वेळी तसा लिहिला जाईल.

४. गोपनीयता : रुग्णाची माहिती व छायाचित्रे त्याच्या संमतीवाचून जाहिरातीस दिली जाणार नाहीत. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये, ही शिकवण विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याला विद्यारंभीच दिलेली आहे.

५. नकाराचा अधिकार : शास्त्रास वा कायद्यास सोडून असलेली सूचना नाकारल्यास कारवाई होणार नाही, पाळीचे तास व विश्रांती ठरलेली असेल.

आपल्यातील जे ज्येष्ठ आज स्वतः रुग्णालये चालवितात, त्यांची जबाबदारी यात अधिक आहे. बाहेरच्या संस्थांना आपण जे सांगणार, ते प्रथम आपल्या रुग्णालयातील निवासी वैद्यास मिळाले पाहिजे. संघटनेने या पाच कलमांवर आधारित नमुना नेमणूकपत्र तयार करून तिन्ही शहरांतील सभासदांस द्यावे, तसेच नोकरीत अडचणीत आलेल्या तरुण सभासदास सल्ला देण्यासाठी दोन-तीन अनुभवी वैद्यांची समिती नेमावी.

याखेरीज आणखी एक गोष्ट आवश्यक आहे. संस्थेत काम करणाऱ्या वैद्याचे मूल्यमापन व्यवस्थापक करतो; त्याच्या चिकित्सेविषयी समव्यावसायिकांशी चर्चा होतच नाही. त्याच विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचा उपदेश आहे आणि स्पर्धेने होणाऱ्या वादापेक्षा स्नेहाने होणाऱ्या संधायसंभाषेचे निराळे स्थान तेथे सांगितले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे आळीपाळीने मासिक संभाषा भरवावी, तीत रात्रपाळीच्या, रुग्णवाहिकेवरील व उपकेंद्रातील वैद्यांनी आपले रुग्णवृत्त नाव न घेता मांडावे आणि ज्येष्ठांनी ते शांतपणे ऐकावे. आपली चिकित्सा जाणकारांपुढे ठेवण्याची ज्याला सवय आहे, तो वैद्य कोणत्याही पाटीखाली बसला तरी वैद्यच राहतो. सभासदांनी याविषयी आपली मते व सूचना अवश्य कळवाव्यात, ही विनंती.