होडीचे इंजिन पडून का बिघडते?

मुलांनो, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले इंजिन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वर डोक्यासारखी पेटी, मध्ये लांब मान आणि खाली पाण्यात बुडालेला पंखा, असा त्याचा आकार असतो. ते होडीच्या बाहेर टांगलेले असते, म्हणून त्याला इंग्रजीत आउटबोर्ड इंजिन म्हणतात. पंखा पाणी मागे ढकलतो आणि होडी पुढे जाते. हँडल फिरवले की सगळे इंजिनच वळते, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही.

हे इंजिन लोकप्रिय करणाऱ्या माणसाचे नाव ओले एव्हिनरूड. त्याचा जन्म १८७७ साली नॉर्वे देशात झाला. लहानपणीच तो आईवडिलांबरोबर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात गेला. त्याची एक गंमत सांगतात. एकदा तळ्याकाठी सहलीला गेले असता तो बेस नावाच्या मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणायला होडी वल्हवत पलीकडच्या काठाला गेला. उन्हातून वल्हवत परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले! होडीला इंजिन असते तर किती बरे झाले असते, हा विचार तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसला म्हणे. १९०९ साली त्याचे इंजिन विक्रीला आले. त्याची शक्ती दीड अश्वशक्ती, म्हणजे आजच्या साध्या मोटारसायकलीपेक्षाही पुष्कळ कमी. बेस पुढे त्याची बायको झाली आणि कारखान्याचा व्यवहार तिनेच सांभाळला.

आता मुख्य गोष्ट. विस्कॉन्सिन आणि शेजारचे मिनेसोटा या राज्यांत हजारो तळी आहेत. हिवाळ्यात ती गोठतात. इतकी, की लोक बर्फावर चालत जातात आणि भोक पाडून मासे धरतात. मग होडी काठावर आणि इंजिन चार-पाच महिने घरात. तुम्ही म्हणाल, इंजिनाला तेवढीच विश्रांती! पण गंमत अशी की हे इंजिन चालून जितके बिघडते, त्याहून जास्त नुसते पडून बिघडते. ते कसे, ते पाहू.

पाणी गोठले की फुगते

बहुतेक वस्तू थंड झाल्या की आकसतात. पाणीही आकसते, पण ४ अंश सेल्सियसपर्यंतच. त्याच्या खाली ते उलट फुगू लागते आणि शून्य अंशाला त्याचा बर्फ झाला की एकदम जास्त जागा मागते. अकरा भाग पाण्याचा साधारण बारा भाग बर्फ होतो. काश्मीरमध्ये कडाक्याच्या थंडीत पाण्याचे नळ फुटतात, ते याच कारणाने.

या इंजिनात पाण्याचे काय काम? तर त्याला गार ठेवणे. मोटारीसारखा रेडिएटर त्याला नसतो. खालच्या भागात रबरी पात्यांचा छोटा पंप असतो. तो तळ्यातले पाणी वर खेचतो, तापलेल्या भागाभोवती फिरवतो आणि बाहेर सोडतो. इंजिन चालू असताना बाजूने पाण्याची एक बारीक धार उडते ना, ती त्याचीच खूण. धार बंद पडली, तर इंजिन लगेच बंद करायचे.

इंजिन उभे ठेवले, तर आतले पाणी आपोआप निथळून जाते. तिरके किंवा आडवे टाकले, तर ते आतच अडकते. थंडी पडली की त्याचा बर्फ होतो आणि ॲल्युमिनियमच्या आवरणाला तडा जातो. खालच्या गिअरच्या पेटीचे तर जास्तच भय. पंख्याच्या दांड्यात मासे धरायची नायलॉनची तंगूस गुंडाळली जाते. ती रबरी सील कापते आणि तेथून पाणी तेलात शिरते. बाहेरून काहीच दिसत नाही, बरं का! वसंत ऋतूत पेटी फुटलेली आढळते, तेव्हा खरे कळते.

पेट्रोल शिळे होते

भात शिळा होतो तसे पेट्रोलही शिळे होते. पडून राहिले की त्याचा पातळ भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो. कार्बोरेटरमधली भोके सुईच्या टोकाएवढी बारीक. ती या चिकट्याने बुजली की दोरी कितीही ओढा, इंजिन सुरू होत नाही. त्यात आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की ते दोघे पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. नळी नेमकी तळातूनच खेचते. मग काय, इंजिनाच्या तोंडी पेट्रोलऐवजी पाणीच!

तेथले लोक काय करतात?

हिवाळा लागण्यापूर्वी तेथले जाणते लोक ठरलेली कामे क्रमाने करतात.

१. टाकीत ताजे पेट्रोल भरून ते टिकवण्याचे औषध त्यात घालतात आणि इंजिन थोडा वेळ चालवतात. म्हणजे औषध कार्बोरेटरपर्यंत पोचते. हे करताना इंजिनाला नळीने गोडे पाणी चालू ठेवतात. कोरडे चालवले, तर पंपाची रबरी पाती थोड्याच वेळात जळतात.

२. सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा मारतात. आतल्या लोखंडावर तेलाचा हात बसला की गंज चढत नाही.

३. गिअरचे तेल बदलतात. खालचा स्क्रू आधी काढतात, मग वरचा. निघालेले तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे हे ओळखावे आणि सील बदलावे. नवे तेल खालच्या भोकातून भरतात, म्हणजे आतली हवा वरच्या भोकातून निघून जाते. हे काम वसंत ऋतूवर ढकलायचे नाही. तोवर बर्फाने आपले काम केलेले असते.

४. पंखा काढून दांड्याभोवतीची तंगूस सोडवतात आणि ग्रीस लावतात.

५. इंजिन उभे टांगून ठेवतात.

६. बॅटरी काढून पूर्ण भारतात. भरलेली बॅटरी कडक थंडीतही तग धरते, पण उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटते.

एवढी काळजी कशासाठी?

पैसे वाचतात हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. मोटार रस्त्यात बंद पडली, तर आपण उतरून ढकलू शकतो. तळ्याच्या मध्यावर उतरणार कोठे? वसंतात बर्फ नुकताच वितळलेला असतो. वर ऊन छान, पण पाणी बर्फासारखे गार. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात जोराची धाप लागते. साधारण दहा मिनिटांत बोटे इतकी बधिर होतात की दोरीही धरता येत नाही. पट्टीचा पोहणाराही तेथे हरतो. म्हणून शहाणा माणूस पहिल्या फेरीआधी काठालाच इंजिन चालवून पाहतो, धार उडते का बघतो, अंगात तरंगणारे जाकीट घालतो आणि वल्ही बरोबर घेतो. इंजिन आहे म्हणून वल्ही घरी ठेवणे बरे नव्हे.

आपल्याकडे काय?

आपल्या कोकण किनाऱ्यावर पाणी गोठत नाही. पण विश्रांतीचा काळ आपल्याकडेही आहे. तो म्हणजे पावसाळा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारतात आणि इंजिने काढून घरात ठेवतात. तेथे शत्रू बर्फ, तर येथे मीठ आणि दमट हवा. खारे पाणी आत सुकले की मिठाचे खडे वाटा बुजवतात आणि धातू खातात. म्हणून इंजिन ठेवण्याआधी गोड्या पाण्याने आतून धुणे हे आपल्याकडचे पहिले काम. इंजिनाला खाली जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. खारे पाणी आधी त्याला खाते आणि बाकीचा धातू वाचतो. तो अर्धा झिजला की बदलावा. त्याच्यावर रंग मात्र लावू नये, नाही तर त्याचा उपयोगच उरत नाही. शिळे पेट्रोल, गिअरचे तेल आणि गुंडाळलेली तंगूस यांची गोष्ट तेथे आणि येथे सारखीच. नारळी पौर्णिमेनंतर होडी खोल पाण्यात न्यायची, तर तयारी मे महिन्याच्या अखेरीसच व्हायला हवी.

करून पाहा

प्लॅस्टिकची एक बाटली काठोकाठ पाण्याने भरा आणि झाकण घट्ट लावा. ज्यांच्या घरी फ्रीज असेल, त्यांनी मोठ्या माणसांना विचारून ती रात्रभर बर्फाच्या खणात ठेवावी. काचेची बाटली मुळीच घेऊ नका, ती फुटेल. सकाळी बाटलीचे पोट आणि बूड पाहा. प्लॅस्टिक ताणले जाते म्हणून बाटली नुसती फुगली. इंजिनाचे आवरण असते, तर काय झाले असते?

आपली सायकल, शेतावरचा पंप, फवारणीचे यंत्र यांनाही हाच नियम लागू आहे. काम संपले की यंत्र तसेच कोपऱ्यात टाकू नये. धुवावे, पुसावे, तेल द्यावे आणि मगच ठेवावे. ठेवताना घेतलेली काळजी पुढच्या हंगामात उपयोगी पडते.