नमद्याच्या बाहुल्या : ओळख व कालनिश्चिती

लोकरीचे तंतू ओलावा, उष्णता व दाब यांच्या साहाय्याने परस्परांत गुंतवून तयार केलेल्या, न विणलेल्या कापडास नमदा किंवा फेल्ट म्हणतात. महाराष्ट्रातील बुरणूस याच पद्धतीने बनत असे. नमद्याच्या कापलेल्या कडा उसवत नाहीत आणि साच्यात दाबल्यास त्याला टिकाऊ उठाव येतो. या गुणांमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यूरोपीय बाहुल्यांसाठी त्याचा विशेष वापर झाला. या बाहुल्या आता संग्राह्य मानल्या जातात. त्यांचे मूल्य निर्माता व काळ यांवर ठरते. तथापि अनुकृतीही पुष्कळ असल्याने त्यांची पद्धतशीर तपासणी आवश्यक असते.

प्रमुख निर्माते : जर्मनीतील गिंगेन येथे मार्गारेटे श्टाइफ (१८४७–१९०९) यांनी १८८० मध्ये टाचण्या खोचण्यासाठी नमद्याचा हत्ती तयार केला आणि त्यातून खेळण्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. श्टाइफच्या जुन्या बाहुल्यांच्या चेहऱ्यावर मधोमध उभी शिवण आढळते. कानातील धातूचे बटण १९०४ पासून वापरात आले. इटलीतील तूरिन येथे एलेना स्काव्हीनी (१८८६–१९७४) व त्यांचे पती एन्रीको यांनी १९१९ मध्ये ‘लेंची’ संस्था स्थापन केली. लेंची बाहुलीचा चेहरा साच्यात दाबलेला व बिनशिवणीचा असतो. रंगविलेली तिरपी नजर, दुपदरी कान, एकत्र जोडलेली मध्यमा व अनामिका आणि मानेजवळचा नागमोडी टाका ही तिची अन्य लक्षणे होत. इंग्लंडमधील नोरा वेलिंग्झ यांच्या कारखान्यातील (१९२६–६०) बाहुल्यांच्या तळपायावर किंवा मनगटावर कापडी चिठ्ठी शिवलेली असे.

कालनिश्चिती : कोणतेही एक लक्षण निर्णायक नसते. तिरपी नजर व दाबलेला चेहरा यांचे अनुकरण इतर अनेक कारखान्यांनी केले. खुद्द लेंचीनेही १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या जुन्या नमुन्यांच्या आवृत्त्या काढल्या. ही संस्था २००२ मध्ये बंद पडली. म्हणून केवळ नाममुद्रेवरून वय ठरविता येत नाही. बाहुलीच्या मूळ घटकांपैकी जो सर्वांत अलीकडचा, त्याच्या आधीची ती असू शकत नाही, हे मूलतत्त्व होय. उदा., मूळ शिवणीत नायलॉनचा दोरा आढळल्यास बाहुली १९४० च्या सुमारानंतरची समजावी. तुटून सुटलेला तंतू जाळून पाहता लोकरीला जळक्या केसांचा वास येऊन चुरडणारी राख राहते. नायलॉन वितळून त्याचा कठीण मणी बनतो. जंबुपार प्रकाशात निळसर-पांढरे चमकणारे कापड बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचे असते किंवा आधुनिक साबणचुऱ्याने धुतलेले असते. कपडे व चिठ्ठ्या मागाहून बदलल्या जातात. त्यामुळे टाक्यांची जुनी भोके व कपड्यांखालील न उडालेला रंग यांचीही पाहणी करावी लागते.

खानदेशातील स्थिती : जळगाव व धुळे भागांतील पारंपरिक बाहुल्या नमद्याच्या नाहीत. गुलाबाईच्या मातीच्या मूर्ती भाद्रपद पौर्णिमेस बसवून कोजागरीस विसर्जित करतात आणि चिंध्यांच्या बाहुल्या खेळून झिजतात. त्यामुळे जुने नमुने क्वचितच हाती लागतात. ज्या थोड्या कापडी बाहुल्या किंवा दुकानातून आणलेली खेळणी घरोघरच्या पेट्यांतून निघतात, त्यांच्या वेष्टनावरील मजकूर उपयुक्त ठरतो. किंमत आण्यांत असल्यास ती साधारणतः १९५७ पूर्वीची, ‘नये पैसे’ असल्यास १९५७ ते १९६४ या काळातील मानावी. पत्त्यात ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असल्यास तो १९०६ च्या जिल्हाविभाजनानंतरचा व १९६० च्या सुमारापूर्वीचा असावा. सहा अंकी पिन क्रमांक १९७२ पासूनचा आहे. मात्र जुना साठा पुढे विकला जाऊ शकतो आणि वेष्टन दुसऱ्याच वस्तूचे असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

जतन : नमदा पाण्याने आटतो व रंग पसरतो, धुण्याने बाहुलीबरोबर तिच्या वयाचा पुरावाही नष्ट होतो. कसर हा लोकरीचा मुख्य शत्रू होय. बाहुली अंधाऱ्या, कोरड्या जागी आम्लरहित कागदात ठेवून वेळोवेळी तपासावी. चिठ्ठी, शिवण व मूळ वेष्टन यांची नोंद व छायाचित्रे दुरुस्तीपूर्वीच घ्यावीत, कारण एकदा काढलेला टाका पुन्हा साक्ष देत नाही.