सुळक्याहून ताठ चिप, लोण्याहून मऊ मेंदू

मुंबई-गोवा महामार्गावरून कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसतो. तो बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. चिप ज्यापासून बनते ते सिलिकॉन त्याहूनही ताठ असतं! आपला मेंदू मात्र सिलिकॉनहून कोट्यवधी पट मऊ. अशा मेंदूत त्याचे संदेश टिपायला सिलिकॉनची ताठ सुई बसवली, की प्रत्येक ठोक्याला, प्रत्येक श्वासाला ती घासते. भोवती व्रण धरतो आणि काही काळाने संदेश क्षीण होतात.

दुसरी अडचण भाषेची. तारेतून इलेक्ट्रॉन धावतात. पेशींचा कारभार चालतो सोडियम-पोटॅशियमच्या आयनांवर. दोघांत दुभाषा हवा. पेडॉट-पीएसएस हे वीजवाहक प्लास्टिक ते काम करतं, कारण त्यातून दोन्ही वाहतात. शिवाय ते पाण्यात मिसळून त्याची शाई करता येते आणि लवचिक पापुद्र्यावर इंकजेटने किंवा स्क्रीन प्रिंटिंगने, होय, लग्नपत्रिका छापतात त्याच पद्धतीने, विद्युतअग्रं (इलेक्ट्रोड) छापता येतात. वीजवाहक प्लास्टिकच्या शोधाला 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. छापील विद्युतअग्रं तशी घरातलीच आहेत: रक्तातली साखर तपासायची पट्टी. ती मऊ नसते, एवढंच.

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2023 मध्ये छपाईही वगळली. त्यांनी झेब्राफिश माशाच्या शरीरात जेल टोचलं. माशाच्याच शरीरातल्या साखरेच्या आणि जेलमधल्या विकरांच्या मदतीने त्याचं वीजवाहक प्लास्टिक तिथेच तयार झालं. मला हा प्रयोग सर्वांत धाडसी वाटतो. माणसावर मात्र तो झालेला नव्हता; मेंदूत चिप बसवल्याच्या बातम्या वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.